चुकलेल्या अक्षरावर हरताळ

१९५३ मध्ये जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी डीएनएची दुपेडी रचना जाहीर केली, तेव्हा आनुवंशिकतेचे कोडे एका फटक्यात सुटल्यासारखे वाटले. ॲडेनीन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन ही या रेणूची चार अक्षरे. ए समोर टी, जी समोर सी. एक पेड हाती असला की दुसरा कसा असणार हे आपोआप ठरते. शालेय पुस्तकांत नकलेची गोष्ट आजही बहुधा येथेच संपते. या जोडीच्या नियमातून डीएनएची नक्कल बिनचूक कशी होते हे मात्र समजत नाही, आणि ते समजून घेण्यात पुढची अनेक दशके गेली.

अडचण साधी होती. योग्य जोडी जुळण्यात आणि चुकीची जोडी जुळण्यात ऊर्जेचा जो फरक पडतो, तो पाण्यात फार थोडा असतो. केवळ या फरकाच्या भरवशावर नक्कल केली, तर ढोबळमानाने शंभर अक्षरांमागे एक चूक होईल. मानवी पेशीत डीएनएच्या सहा अब्जांहून अधिक अक्षरजोड्या असतात. म्हणजे पेशीच्या एकेका विभाजनात सहा कोटी चुका. असा प्राणी गर्भावस्थेच्या पहिल्या काही दिवसांपलीकडे जाणार नाही. प्रत्यक्षात अंतिम प्रतीत एक अब्ज ते दहा अब्ज अक्षरांमागे जेमतेम एक चूक उरते. शंभर आणि अब्ज यांच्यामधले हे अंतर कोण भरून काढते?

उत्तराचा पहिला धागा अमेरिकेतील सेंट लुईस येथे, वॉशिंग्टन विद्यापीठात सापडला. आर्थर कॉर्नबर्ग हे मूळचे वैद्यकाचे पदवीधर. पुढे त्यांचे सारे आयुष्य विकरांच्या, म्हणजेच एन्झाइमांच्या शोधात गेले. आतड्यातील ई. कोलाय या जीवाणूच्या अर्कात त्यांनी किरणोत्सारी थायमिडिन मिसळले आणि ते डीएनएच्या साखळीत शिरते का हे तपासले. पहिल्या प्रयोगात किरणोत्साराच्या सुमारे दहा लाख मोजण्यांपैकी पन्नासच्या आसपास साखळीत उतरल्या. दुसऱ्या कोणी ती यंत्राची कुरकुर समजून सोडून दिली असती. कॉर्नबर्ग यांनी त्या पन्नासांचा पिच्छा पुरवला. रॉबर्ट लेहमन, मॉरिस बेसमन, अर्न्स्ट सिम्स आणि ज्युलियस ॲडलर या सहकाऱ्यांसह त्यांनी अर्क टप्प्याटप्प्याने शुद्ध केला आणि १९५६ च्या सुमारास नक्कल करणारा विकर वेगळा काढला. त्याचे नाव डीएनए पॉलिमरेज. १९५७ मध्ये त्यावरील दोन शोधनिबंध एका नामवंत जीवरसायन नियतकालिकाकडे गेले, तेव्हा परीक्षकांनी ते नाकारले. जनुकासारखे वागून दाखवल्याशिवाय या पदार्थाला डीएनए म्हणता येणार नाही, असा त्यांचा आक्षेप होता. संपादक बदलल्यावर निबंध १९५८ मध्ये छापून आले आणि १९५९ मध्ये कॉर्नबर्ग यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परीक्षकांचा आक्षेप हेकट होता खरा, पण अगदीच निरर्थक नव्हता. नक्कल झाली एवढे पुरेसे नसते. ती खरी उतरली का, हा प्रश्न उरतोच.

हा विकर किती विश्वासू आहे याची एक कसोटी हरगोविंद खोराना यांच्या कामात आडवाटेने लागली. १९२२ मध्ये पंजाबातील रायपूर या लहानशा गावी जन्मलेले आणि लाहोरला शिकलेले खोराना १९६० नंतर विस्कॉन्सिन विद्यापीठात जनुकीय संकेताची उकल करत होते. त्यांचा गट रासायनिक पद्धतीने डीएनएचे आखूड तुकडे घडवी. त्यांत दोन-तीन अक्षरे ठरावीक क्रमाने पुन्हापुन्हा येत. मग कॉर्नबर्ग यांचा विकर ते तुकडे लांबवून दीर्घ साखळ्या करी. त्यांवरून आरएनए आणि आरएनएवरून प्रथिन तयार केले जाई. यू आणि सी यांची आलटूनपालटून माळ दिली की प्रथिनात सेरीन आणि ल्युसीन आलटूनपालटून येत. विकराने मधूनमधून भलतेच अक्षर घातले असते, तर हा आकृतिबंध अस्पष्ट झाला असता आणि संकेताचे वाचनही डळमळले असते. तसे झाले नाही. १९६८ चे नोबेल खोराना, मार्शल निरेनबर्ग आणि रॉबर्ट हॉली यांना मिळाले. त्याच्या आदल्याच वर्षी मेहरान गुलियन, कॉर्नबर्ग आणि रॉबर्ट सिनशायमर यांनी एका जीवाणुभक्षी विषाणूच्या सुमारे ५,४०० अक्षरांची संपूर्ण नक्कल परीक्षानळीत केली होती. त्या प्रतीने जीवाणूला संसर्ग केला. परीक्षकांचा जुना आक्षेप दहा वर्षांनी असा निकालात निघाला.

मात्र या सर्व काळात विकराच्या शुद्ध नमुन्यात एक नको असलेली गोष्ट दिसत होती. डीएनए जोडणाऱ्या या विकरासोबत डीएनए कापण्याची क्रियाही आढळे. साखळीच्या वाढत्या टोकापासून मागे मागे जात, एकेक अक्षर सोडवणारी ही क्रिया. जीवरसायनशास्त्रज्ञाच्या मनात अशा वेळी पहिला विचार भेसळीचा येतो: दुसरा एखादा विध्वंसक विकर नमुन्यात राहून गेला असावा. कॉर्नबर्ग यांच्या गटाने शुद्धीकरण वाढवत नेले. कापणे काही केल्या जाईना. १९६४ मध्ये लेहमन आणि चार्ल्स रिचर्डसन यांनी या क्रियेचे सविस्तर वर्णन केले आणि ती पॉलिमरेजपासून वेगळी करता येत नसल्याचे नोंदवले. एकाच रेणूच्या एका हाताने घर बांधावे आणि दुसऱ्या हाताने विटा काढाव्यात, हे विचित्र होते.

उलगड्याची चाहूल जीवरसायनाकडून लागली नाही. ती जनुकशास्त्राकडून आली. १९६५ मध्ये जोसेफ स्पायर यांना टी-४ या जीवाणुभक्षी विषाणूचे असे वाण आढळले, की ज्यांच्या पॉलिमरेजच्या जनुकातच बिघाड होता आणि ज्यांच्या साऱ्या डीएनएत उत्परिवर्तनांचा सुळसुळाट झाला होता. याचा अर्थ स्पष्ट होता. अचूकता केवळ ए-टी आणि जी-सी यांच्या रसायनावर अवलंबून असती, तर विकर बदलल्याने ती बिघडली नसती. त्यानंतर जॉन ड्रेक यांना त्याच जनुकाचे उलट प्रकारचे वाण सापडले. त्यांत उत्परिवर्तने नेहमीपेक्षा कमी होत! नैसर्गिक विकरापेक्षा अधिक काटेकोर विकर शक्य आहे, तर निसर्गाने तो का ठेवला नाही?

१९७२ मध्ये दोन निबंधांनी भेसळीचा हा गुंता सोडवला. डग्लस ब्रुटलॅग आणि कॉर्नबर्ग यांनी मुद्दाम असे डीएनए तयार केले, की ज्याच्या वाढत्या टोकाला न जुळणारे अक्षर होते. विकराने ते टोक तसेच पुढे वाढवले नाही. त्याने आधी चुकलेले अक्षर कापून टाकले आणि मगच लेखन सुरू केले. टोक जुळलेले असेल, तर कापणे नगण्य राही. म्हणजे ज्याला आठ वर्षे भेसळीच्या संशयाने पाहिले जात होते, ते मुद्रितशोधन होते. दुसरा निबंध निकोलस मुझिच्का, रोनाल्ड पोलंड आणि बेसमन यांचा. हे बेसमन म्हणजे सेंट लुईसच्या पहिल्या चमूतलेच. त्यांनी टी-४ च्या त्या बिघडलेल्या आणि अतिकाटेकोर वाणांचे विकर शेजारी ठेवून मोजमाप केले. ज्या वाणात चुका जास्त, तेथे जोडण्याच्या तुलनेत कापणे दुबळे होते. ज्या वाणात चुका कमी, तेथे कापणे जोरकस होते. ड्रेक यांच्या वाणांचे कोडेही येथे उलगडले. अतिकाटेकोर विकर चुकीच्या अक्षरांबरोबर बरोबर अक्षरांचाही मोठा वाटा खोडत बसतो. कच्चा माल आणि वेळ दोन्ही वाया जातात. निसर्गाने ठेवलेली अचूकता ही परवडणारी अचूकता आहे.

जुन्या पोथ्यांचे लेखनिक चुकलेल्या अक्षरावर पिवळ्या हरताळाचा लेप देत आणि त्यावर शुद्ध अक्षर लिहीत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आज वाईट अर्थाने उरला आहे. मूळ कृती सुधारणेची होती. कॉर्नबर्ग यांच्या विकराच्या एका हाती लेखणी आणि दुसऱ्या हाती हरताळ होता, आणि शास्त्रज्ञ तो डाग समजून पुसायला निघाले होते.

दरम्यान कॉर्नबर्ग यांच्या विकरावर एक वेगळेच संकट आले. १९६९ मध्ये पॉला डी लुसिया आणि जॉन केर्न्स यांनी जीवाणूंच्या हजारो वसाहती तपासून असा एक वाण शोधला, की ज्यात हा विकर जवळजवळ नव्हताच, तरीही तो जीवाणू सुखेनैव वाढत होता. अतिनील किरण मात्र त्याला सोसवत नसत. म्हणजे हा विकर मुख्यतः दुरुस्तीच्या कामाचा होता. खरा नकलनवीस दुसराच कोणी असणार. तो शोधणाऱ्यांत कॉर्नबर्ग यांचे पुत्र थॉमस होते, जे तोवर चेलो हे वाद्य शिकत होते. त्यांनी आणि माल्कम गेफ्टर यांनी वेगळा काढलेला तिसरा पॉलिमरेज हाच जीवाणूचा मुख्य लेखनिक ठरला. तो सेकंदाला सुमारे हजार अक्षरे लिहितो. हरताळ त्याच्याकडेही आहे. फक्त येथे ते काम एप्सिलॉन या वेगळ्या घटकप्रथिनाकडे सोपवलेले आहे. हा घटक बिघडला की जीवाणूतील उत्परिवर्तने हजारो पटींनी वाढू शकतात.

या यंत्रणेचे गणित १९७४ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉन हॉपफील्ड यांनी मांडले. एकाच चाळणीतून एकदा गाळण्यापेक्षा, मध्ये ऊर्जा खर्च करून त्याच चाळणीतून दोनदा गाळले, तर चुकीचे प्रमाण गुणाकाराने घटते. फ्रान्समध्ये झाक निनिओ स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला पोहोचले. (हेच हॉपफील्ड २०२४ मध्ये कृत्रिम मज्जाजालांवरील कामासाठी भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवून वृत्तपत्रांत झळकले.) आता आकडे जुळू लागले. पॉलिमरेजची पहिली निवड साधारणतः दहा हजार ते एक लाख अक्षरांमागे एक चूक करते. जागच्या जागी होणारे मुद्रितशोधन त्यातील शंभरांपैकी बहुतेक चुका काढते. नंतर फिरणारी विसंगत जोड्यांची दुरुस्तीयंत्रणा उरलेल्यांना हेरते. तिच्या उलगड्यासाठी पॉल मॉड्रिच यांना २०१५ च्या रसायन-नोबेलमध्ये वाटा मिळाला. तिन्ही चाळण्यांच्या गुणाकारातून अब्जात एक ही शुद्धता येते.

पण पहिली चाळणीच मुळात शंभरात एकवरून लाखात एकवर कशी गेली? यासाठी विकर डोळ्यांनी पाहणे गरजेचे होते. १९८५ मध्ये येल विद्यापीठात थॉमस स्टाइट्झ यांच्या गटाने कॉर्नबर्ग यांच्या विकराच्या मोठ्या तुकड्याची स्फटिकरचना उलगडली. रेणूचा आकार अर्धवट मिटलेल्या उजव्या हातासारखा निघाला. तळवा, बोटे आणि अंगठा हीच नावे रूढ झाली. डीएनए तळव्यावर विसावते. अंगठा त्याला धरून ठेवतो. नवे अक्षर बोटांच्या बाजूने येते. ते योग्य असेल तर बोटे त्यावर मिटतात आणि तळव्यातील दोन धातू-आयन जोडणीची रासायनिक क्रिया घडवून आणतात. चुकीचे अक्षर आले तर मूठ नीट मिटत नाही. चाळणी आहे ती या मिटण्यात. १९९७ मध्ये एरिक कूल यांच्या प्रयोगांनी हे ठसठशीतपणे दाखवले. त्यांनी थायमिनच्याच आकाराचा, पण हायड्रोजन-बंध जवळजवळ न करणारा एक कृत्रिम रेणू घडवला. विकराने त्याच्यासमोर ॲडेनीन जवळपास तितक्याच सहजतेने बसवले! जोडीतील बंधांइतकेच, किंबहुना त्याहूनही अधिक, महत्त्व मुठीत नेमके मावणाऱ्या आकाराला होते. बोर्डावर हायड्रोजन-बंधांच्या दोन आणि तीन रेघा काढून विषय संपवणाऱ्या प्रत्येक वर्गात हा प्रयोग सांगितला गेला पाहिजे.

हरताळाची जागा याच रेणूत, पण लेखणीपासून सुमारे तीन नॅनोमीटर दूर सापडली. इतक्या अंतरावरच्या खोडणाऱ्या भागाला चूक झाल्याचे कळते कसे? उत्तर सुंदर आहे: त्याला काही कळावे लागतच नाही. खोडण्याच्या जागी पोहोचण्यासाठी साखळीचे टोक काही अक्षरांपुरते उसवावे लागते. जुळलेले टोक सहजी उसवत नाही, न जुळलेले आधीच सैल असते. शिवाय चुकीच्या अक्षरानंतर पुढील लेखन शेकडो ते हजारो पटींनी मंदावते. टोक सैल आणि वेळ भरपूर, मग ते आपसूकच कापणाऱ्या भागाकडे सरकते.

तरीही काही चुका निसटतात, आणि त्यांचे एक कारण वॉटसन-क्रिक यांनी १९५३ मध्येच सुचवले होते. अक्षरातील एखादा हायड्रोजन क्षणभर जागा बदलतो आणि मग ते अक्षर दुसऱ्याच अक्षराची नक्कल करते. २०११ मध्ये ड्यूक विद्यापीठात लोरेना बीझ यांच्या गटाला विकराच्या मुठीत सी आणि ए यांची अशी जोडी दिसली, जी बाहेरून हुबेहूब योग्य जोडीसारखी होती. आकार पारखणाऱ्याला आकारानेच फसवले होते.

सगळेच पॉलिमरेज इतके काटेकोर नसतात, आणि येथे भारतीय संशोधनाचा संबंध येतो. मानवी पेशीतील आयोटा हा पॉलिमरेज टी समोर ए ऐवजी जी घालणे पसंत करतो. २००४ मध्ये न्यूयॉर्क येथे अनिल अगरवाल यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या दीपक नायर यांनी त्याची रचना उलगडली, तेव्हा दिसले की याच्या अरुंद मुठीत अक्षरे नेहमीच्या पद्धतीने न जुळता, एक अक्षर उलटे फिरून वेगळ्याच बाजूने जुळते. इजा झालेल्या डीएनएवरून पुढे जाण्यासाठी अशा ढिसाळ लेखनिकांची पेशीला गरज पडते. नायर पुढे भारतात परतले. फरीदाबादच्या प्रादेशिक जैवतंत्रज्ञान केंद्रातील त्यांच्या गटाने २०१९ मध्ये एका वेगळ्या चुकीकडे लक्ष वेधले. पेशीत डीएनएच्या सुट्या अक्षरांपेक्षा आरएनएची अक्षरे कितीतरी जास्त असतात, आणि दोहोंत फरक केवळ साखरेवरील एका ऑक्सिजनचा. पॉलिमरेज त्यांना बाहेर कसे ठेवतो? वाट अडवणारा एक अवजड घटक आधी ठाऊक होता. या गटाला दुसरी गाळणी सापडली: विकरातील एक ध्रुवीय घटक येणाऱ्या अक्षराला पृष्ठभागाजवळ ओढून घेतो, त्यामुळे आरएनएच्या अक्षराचा तो जादा ऑक्सिजन पृष्ठभागावर आपटतो आणि ते अक्षर नीट बसूच शकत नाही. क्षयाच्या जीवाणूच्या निरुपद्रवी भाईबंदाच्या विकरात ही गाळणी नव्हती. एकच अमिनो आम्ल बदलून ती बसवली, तेव्हा विकराचा ढिसाळपणा मोठ्या प्रमाणात ओसरला.

हरताळ नाहीसा झाला तर काय होते, हे आता प्राण्यांतही पाहायला मिळाले आहे. २००४ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी उंदरांच्या मायटोकॉन्ड्रियातील पॉलिमरेजचे फक्त मुद्रितशोधन बंद केले; लेखन तसेच ठेवले. ते उंदीर सहा महिन्यांतच म्हातारे दिसू लागले. केस गळाले, पाठीला पोक आला, हाडे ठिसूळ झाली आणि ते अल्पायुषी ठरले. माणसात, पेशीकेंद्रातील पॉलिमरेजच्या याच भागात जन्मजात दोष असणाऱ्या कुटुंबांत मोठ्या आतड्याचा कर्करोग वारंवार आढळतो, हे २०१३ मध्ये स्पष्ट झाले.

भारतासाठी मात्र या इतिहासाचा सर्वांत निकडीचा अध्याय क्षयरोगाचा आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी साधारण एक चतुर्थांश या देशात आहेत. क्षयाचा जीवाणू औषध-प्रतिकाराची जनुके इतर जीवाणूंकडून उसनी घेत नाही. त्याचा सारा प्रतिकार स्वतःच्या ४४ लाख अक्षरांतील नकलेच्या चुकांतून येतो. रिफाम्पिसिन निष्प्रभ व्हायला एका जनुकातील एक अक्षर बदलणे पुरते. म्हणूनच हा जीवाणू किती शुद्ध लिहितो, हा प्रश्न थेट रुग्णाच्या खाटेपर्यंत येतो. त्यात एक विसंगती होती. या जीवाणूत इतरत्र आढळणारी नेहमीची दुरुस्तीयंत्रणा, म्हणजे तिसरी चाळणी, नाहीच. तरीही तो ई. कोलायच्या तोडीचे शुद्ध लेखन करतो. त्याच्याकडे एप्सिलॉनसारखे एक प्रथिन आहे, तेव्हा मुद्रितशोधक तेच असणार असे गृहीत धरले गेले होते. २०१५ मध्ये जेरेमी रॉक, सारा फॉर्च्यून, माइंडर्ट लॅमर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते प्रथिन काढून टाकले. काहीच बिघडले नाही. खरा हरताळ मुख्य पॉलिमरेजच्याच अंगात, पीएचपी नावाच्या एका प्राचीन भागात होता. तो निकामी करताच उत्परिवर्तने हजार पटींहून अधिक वाढली. दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, तिसऱ्या चाळणीच्या जागी काम करणारे एक वेगळ्याच घडणीचे प्रथिनही या कुळात सापडले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत उमेश वार्ष्णेय यांचा गट याच कुळातील जीवाणूंच्या डीएनए-दुरुस्तीचा दीर्घकाळ अभ्यास करत आला आहे.

२०१५ च्या त्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली. खोट्या अक्षरांसारखी काही औषधे असतात. ती साखळीत शिरली की लेखन थांबते. क्षयाच्या कुळातील जीवाणूवर अशा औषधाचा परिणाम होत नसे, कारण पीएचपी ते अक्षर लगेच कापून टाकी. पीएचपी निकामी केल्यावर तेच औषध लागू पडले. मानवी पॉलिमरेजचे मुद्रितशोधन वेगळ्या घडणीच्या भागाकडून होते. त्यामुळे जीवाणूचा हरताळ तेवढा काढून घेणारा आणि माणसाच्या हरताळाला धक्का न लावणारा रेणू तत्त्वतः शक्य आहे. मात्र तो एकट्याने देता येणार नाही, कारण खोडणे बंद झालेला जीवाणू जिवंत राहिला तर चुकांबरोबर प्रतिकारही वेगाने जन्माला येईल. खोडणाऱ्याला रोखणारे औषध आणि खोटे अक्षर यांचा मारा एकाच वेळी व्हावा लागेल.